संमतिपत्रावर सही घेण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावांना जिना चढताना छातीत भरून येऊ लागले; दोन मिनिटे थांबले की बरे वाटे. अँजिओग्राफी चालू असतानाच आम्हाला काचेपाशी बोलावून पडद्यावर एका रक्तवाहिनीची बारीक झालेली जागा पेनाच्या टोकाने दाखवण्यात आली आणि 'ऐंशी टक्के ब्लॉकेज आहे, टेबलावर आहेत तोवर करून घेऊ' असे म्हणत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, बसवण्याचे इंग्रजी संमतिपत्र पुढे केले गेले. वहिनींनी थरथरत्या हाताने सही केली. दादा आज बरे आहेत. तक्रार त्याबद्दल नाही. मात्र, अशा स्थिर दुखण्यात बहुतेकदा घरी जाऊन विचार करण्याइतका वेळ असतो, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या चाचणीत भारतासह 37 देशांतील 5,179 रुग्ण होते. निम्म्यांना औषधांच्या जोडीने सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि शक्य तिथे स्टेंट किंवा बायपास, तर उरलेल्यांना आधी केवळ औषधे, अशी विभागणी होती. तीन वर्षांहून अधिक काळच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात 145 आणि दुसऱ्या गटात 144 मृत्यू झाले. कारण समजण्यासारखे आहे: झटका पुष्कळदा सर्वांत अरुंद जागी येत नाही, तर दुसरीकडेच चरबीचा थर फुटून तिथे गुठळी झाल्याने येतो. स्टेंट एक जागा मोकळी करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि रक्तदाबावरील गोळ्या सगळ्याच रक्तवाहिन्यांची काळजी घेतात.

स्टेंट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. छातीतले दुखणे त्याने खरोखर कमी होते, हे 2023 च्या 'ऑर्बिटा-2' चाचणीत काही रुग्णांवर केवळ प्रक्रियेचा आभास निर्माण करून, म्हणजे अत्यंत काटेकोर तुलनेने, दिसून आले. 'इस्केमिया'तही आधी औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला पुढे स्टेंट किंवा बायपास लागलेच. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असलेले वा हृदयाची ताकद फार घटलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. आणि प्रत्यक्ष झटका आला असेल, तर एक मिनिटही दवडू नये. तिथे तातडीची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने रक्तवाहिनी मोकळी करून बहुधा स्टेंट बसवणे, जीव वाचवते.

म्हणूनच माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांपासून सुरुवात करून स्थिर हृदयविकाराच्या प्रत्येक रुग्णाला अँजिओग्राफीची तारीख देतानाच मराठीत एक पानी माहितीपत्रक द्यावे. स्टेंटने काय साधेल, काय साधणार नाही आणि औषधे आयुष्यभर का घ्यावी लागतील, एवढे त्यात असले तरी पुरे. दादांची तारीख आठवडाभर आधी ठरली होती. असे पान हाती असते, तर ते वाचायला आणि डॉक्टरांना विचारायला आमच्याजवळ सात दिवस होते.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा