खेळ टंकून सुरू करू द्यावा

मा. संपादक,

गोव्यातील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शाळेतच कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना सुरू झाली तेव्हा एक पालक म्हणून मला मनापासून आनंद झाला होता, आणि त्या योजनेविषयी आजही माझी तक्रार नाही. माझी मुलगी आता सातवीत आहे. मात्र पडद्यावरचे आज्ञांचे रंगीत ठोकळे माऊसने ओढून एकमेकांना जोडण्यापलीकडे संगणकाशी तिचा फारसा संबंध आला नव्हता. काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून संगणकाला काम सांगता येते हे तिला प्रथम घरीच कळले, आणि तेही एका खेळामुळे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामांनी नव्वदच्या दशकात आम्हा भावंडांसाठी गेम बॉय आणला होता. १९८९ साली जपानमध्ये विक्रीला आलेले ते हातात मावणारे खेळांचे यंत्र चार पेन्सिल सेलवर चालत असे. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा अवघ्या चार आणि कामाची स्मृती ८ किलोबाइट. (आज सकाळी सकाळी मोबाइलवर येणारे ‘सुप्रभात’चे एक चित्रही बहुधा तेवढ्या जागेत मावणार नाही.) आमचे यंत्र केव्हाच बंद पडले. गेल्या गणेश चतुर्थीच्या सुट्टीत, गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची माटोळी बांधून झाल्यावर आणि बाहेर पाऊस उसंत घेत नसताना, मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, ज्यावर डेबियन लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली आहे, एमजीबीए नावाचा मोफत आणि मुक्त स्रोत एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे वागणे दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे वठवणारा प्रोग्राम, इथे गेम बॉयचे लॅपटॉपवर. एमजीबीएची मेनू आणि बटणे असलेली आवृत्तीही मिळते, पण मी मुद्दाम ती टाळली.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या त्या काळ्या पडद्यावर, एमजीबीए असे टंकायचे, जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून ४ चा आकडा द्यायचा, पुन्हा जागा सोडून खेळाच्या फाईलचे नाव लिहायचे आणि एंटर दाबायचे, एवढीच ती आज्ञा. ४ दिले की चित्र चौपट होते, म्हणजे ६४० बाय ५७६ ठिपक्यांचे. पहिल्या प्रयत्नात काहीच उघडले नाही, कारण फाईलच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती आणि संगणक त्या एका नावाला दोन नावे समजत होता. नाव अवतरणचिन्हांत घालायचे हे मी सांगितले नाही, मुलीला शोधू दिले. अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी तिने सर्व खेळ एका फोल्डरमध्ये हलवून त्यांची नावे, मोकळी जागा न ठेवता, टंकूनच बदलली होती.

खरी मजा पुढे आली. हौशी लोकांनी लिहून मोफत दिलेले गेम बॉयचे खेळ आहेत आणि त्यांतील काहींचा मूळ कोडही खुला असतो. असा एक छोटा खेळ आम्ही आरजीबीडीएस या साधनसंचाने स्वतः तयार केला. त्यातील एक साधन असेंब्ली या, यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतील मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करते, दुसरे तुकडे जोडते आणि तिसरे फाईलच्या आरंभीची पडताळणीची बेरीज नीट भरते, कारण ती चुकल्यास खरा गेम बॉय खेळ सुरूच करत नाही. तुकडे जोडतानाच कोणते चल, म्हणजे बदलती किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, स्मृतीत कोठे राहते याची यादीही मागून घेता येते. मग आज्ञेत ४ ऐवजी डी हे अक्षर दिले की डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारे साधन, सुरू होतो आणि यंत्र पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबते. खेळ थोडा पुढे नेऊन, पुन्हा थांबवून, मुलीने यादीत पाहून ‘जीव’ या चलाचा पत्ता टंकला, तेथे ३ आढळले. तिने त्या जागी ९ लिहून खेळ चालू केला आणि पडद्यावर नऊ जीव दिसले. लगेच तिला ३०० हवे होते. ते का जमत नाही, एका बाइटमध्ये, म्हणजे स्मृतीच्या एका कप्प्यात, २५५ च्या वर काही का मावत नाही, हे त्या संध्याकाळी तिला जेवढे समजले तेवढे मला महाविद्यालयातही समजले नव्हते.

हा अनुभव मी पालकांच्या बैठकीत सांगितला, तेव्हा प्रयोगशाळेत गेम चालणार नाहीत, असे दोन वाक्यांत उत्तर मिळाले. त्यामागची भीती मी समजू शकतो. इंटरनेटवरून बाजारातले खेळ फुकट उतरवणे ही चोरीच आहे आणि शाळेने त्याला थारा देऊ नये. परंतु एम्युलेटर वापरणे म्हणजे चोरी नव्हे. कायदेशीरपणे हाती आलेला प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण आणि अभ्यास करण्याची मुभा तर आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे. राहिला प्रश्न मुले तासभर खेळतच बसतील याचा. बसतील थोडी, पण प्रत्येक वेळी खेळ सुरू करायला त्यांना आज्ञा टंकावी लागेल, आणि ठोकळे ओढतानाही मुले खेळतच असतात.

कोडिंगच्या तासांपैकी वर्षातून चार-पाच तास तरी मुलांना टर्मिनल उघडू द्यावे आणि कर्त्यांनी स्वतः मोफत दिलेले दोन-तीन खेळ प्रयोगशाळेच्या संगणकांवर ठेवावेत, अशी शिक्षण खात्याला विनंती आहे. डिचोली परिसरातील एखाद्या शाळेने बोलावल्यास शनिवारी सकाळी मी आणि माझी मुलगी लॅपटॉप घेऊन येऊ. आज्ञा ती सांगेल.

आपला,
एक पालक, डिचोली