जुन्या साड्या विकणाऱ्या सभासदांसाठी : तक्रार आणि परतावा

नमस्कार मंडळी,

‘विकलेला माल परत घेणार नाही’ असं लिहून सुटका होत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनाशी जुळली नाही, तर परतावा नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निवारण महिन्याभरात. दुर्लक्ष केलंत तर गिऱ्हाईक १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावतं.

मुळात भांडण होतं ते फोटोंवरून. जुनं रेशीम घडीवर आधी विरतं, त्यामुळे पैठणी पूर्ण उलगडा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरून फोटो काढा. रफू, काळी पडलेली जर, फॉलमागचा डाग, सगळं दाखवा. मी एकदा एक डाग ‘दिसत नाही’ म्हणून सोडला होता. नौपाड्यातून बंगळुरूला गेलेली साडी आठवड्यात घरी परत, दोन्हीकडचं कुरिअर माझ्या खिशातून!

ब्लाऊजची मापं टेपने घेऊन लिहा. पार्सल भरतानाचा व्हिडिओ ठेवा.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा, तेही साडी हातात आल्यावर, तपासून. ‘क्यूआर पाठवते, त्यावर टाका’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

वाद चिघळला तर उत्तर देण्याआधी ग्रुपवर विचारा. रागात टाइप करू नका.

– संयोजक, ठाणे