थडग्यांवरची अक्षरे पायाखाली झिजत आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी वसईत पाट्या कोरतो. बंगल्यावरचे नाव, देवळातली देणगीदारांची यादी आणि सगळ्यात जास्त म्हणजे चर्चच्या सिमेट्रीतल्या क्रुसाखालच्या संगमरवरी पाट्या. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी ऑक्टोबरभर मला जेवायला फुरसत नसते. इतिहासाचा अभ्यासक मी नाही. अक्षर कोरून पोट भरतो, तेवढ्याच अधिकाराने हे लिहितो आहे.

वसई किल्ल्यात फ्रान्सिस्कन साधूंचे संत अंतोनीचे चर्च आहे. छप्पर केव्हाच गेले, कमानी तेवढ्या उभ्या आहेत. तिथे येणारा प्रत्येक जण त्या कमानींकडे मान वर करून बघतो आणि बघता बघता थडग्यांवरून चालतो. कारण तिथली जमीन म्हणजे थडगीच. पोर्तुगीज काळात ऐपतदार घराणी आपली माणसे चर्चच्या आतच पुरत आणि वर कोरीव दगड बसवत. दगड जमिनीच्या पातळीत असल्यामुळे परक्या माणसाला ती फरशी वाटते. त्यात त्याचा दोष नाही, कारण ही कबर आहे असे सांगणारी पाटी तिथे मला कधी दिसलेली नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी गेलो होतो. लग्न ठरलेले एक जोडपे, फोटोग्राफर आणि दिवे धरायला दोन पोरे. ट्रायपॉडचा एक पाय नेमका एका ओळीवर, ‘सेपुल्तुरा’ म्हणजे कबर या शब्दावर टेकवलेला. मी सांगितले, तेव्हा मुलगी पटकन बाजूला झाली, चप्पल काढून हातात घेतली. फोटोग्राफर म्हणाला, ‘काका, चारशे वर्षं काय झालं नाही, आता काय होणार?’

त्याचे उत्तर माझ्या धंद्यात आहे. कोरलेले अक्षर टिकते ते त्याच्या कडेवर. कड शाबूत असली की बाजूने पडणारा उजेड खाचेत सावली धरतो आणि अक्षर वाचता येते. कड गोल झाली की खाच राहते, पण सावली धरत नाही. त्या दगडांवर दुपारी बारा वाजता काहीच दिसत नाही. संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरके झाले की अक्षरे वर येतात. यू लिहायच्या जागी व्ही, जागा वाचवायला दोन अक्षरे एकमेकांत अडकवलेली, शब्दाचा शेवट वर बारीक करून चढवलेला. कोरणाऱ्याचा अंदाज चुकला की ओळीच्या टोकाला तो अशीच गर्दी करतो. माझीही अधूनमधून होते. पुष्कळ दगडांवर ‘आणि त्याच्या वारसांची’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे जागा पिढ्यान्‌पिढ्यांसाठी घेतलेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज जे नेता येईल ते घेऊन गेले, चर्चच्या घंटा आपल्या देवळांत गेल्या. थडगी कोण नेणार?

वारा-पावसाने दगड झिजतो, ते कोणाच्या हातात नाही. पण बुटाखाली वाळूचा कण घेऊन माणूस चालतो तेव्हा तो पॉलिश कागदच असतो. त्याहून वाईट म्हणजे प्रेमाने केलेली साफसफाई. शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. आणि खरे सांगायचे तर मीही त्यातलाच. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका दगडावरची ओळ वाचता येईना म्हणून मी खिशातल्या बारीक छिन्नीने खाचेतली माती काढत बसलो. तीन अक्षरे छान मोकळी झाली. चौथ्या अक्षराचा कोपरा मातीबरोबर निघून आला. तो दगड मला अजून बरोबर सापडतो.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावात या ३०० मीटरची चर्चा रोज होते, कारण तिथे लोकांची घरे अडकतात. पण ज्याच्यासाठी हे सगळे आहे, त्या दगडावर उभे राहायला कोणाला अडकाठी नाही.

माझे म्हणणे फार खर्चाचे नाही. चर्चच्या आत जमिनीला न खोदता ठेवता येईल अशी लाकडी पायवाट टाका आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचा दोर लावा. त्याआधी प्रत्येक दगडाला नकाशावर नंबर द्या, दगडावर रंगाने नको. मग रात्री बाजूने टॉर्च धरून प्रत्येकाचे फोटो काढा. गोव्याचे डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईवरच्या आपल्या पुस्तकात इथले बरेच लेख छापले. तेव्हा काय वाचता येत होते आणि आज काय येते, हे समोरासमोर ठेवले की दीडशे वर्षांत किती गेले ते कळेल. जुने पोर्तुगीज वाचणारी माणसे गोव्यात आजही आहेत.

‘परक्यांची थडगी, आपल्याला काय त्यांचे?’ असे एका गिऱ्हाइकाने मला विचारले. तो आजोबांच्या नावाची पाटी करायला आला होता आणि आडनावातला एक काना राहिला म्हणून त्याने ती परत पाठवली होती.

फोटो काढायचे ठरले तर मोठा टॉर्च आणि उंचावरून बघायला शिडी माझी. फक्त पावसाळ्याच्या आधी ठरवा. जूननंतर शेवाळ धरते आणि मग कोणीतरी ब्रश घेऊन येतो.

आपला,
पाट्या कोरणारा एक कारागीर, वसई