चार पोरं आणि एक किल्ली

प्रिय सुध्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोनही तुझाच. शिव्या मनातल्या मनात देऊन झाल्या असतील, तेव्हा माफी मागत बसत नाही. तब्येत बरी. साखर आहे तेवढीच, गुडघा आहे तसाच.

काल आपल्या कॉलेजातला तत्त्वज्ञान विभाग बंद करण्याच्या ठरावावर सही केली. मी. प्राचार्य म्हणून.

प्रथम वर्षाला चार पोरं. अनुदानित जागा आपले सर निवृत्त झाल्यापासून रिकामी. तासिका तत्त्वावरचा मुलगा चांगलं शिकवतो आणि संध्याकाळी बायकोच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. २०२४ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, वर क्रेडिटं. कागदावर वाचताना वाटलं, अरे, सर हेच तर सांगायचे, फिजिक्सवाल्यानं कविता वाचावी म्हणून! पण ज्याला शिकवायला माणूस आहे तोच विषय पोरांना 'निवडता' येतो. ऑनर्सचं चौथं वर्षही आहे. तिसऱ्या वर्षीच पदवी हातात पडल्यावर घरचा कांदा सोडून कोण थांबतंय?

कॉलेज चालायचं बीबीए-बीसीएच्या फीवर. तेही त्याच वर्षी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेखाली गेले, प्रवेशाला सीईटी आली, आमचे वर्ग ओस. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून सीईटी चुकवली. आमच्या मीटिंगमध्येही ते निघालं. मी म्हटलं, नामांतराचा अनुभव आपल्या शहराला ताजा आहे. कुणी हसलं नाही. तू हसला असतास. (पत्त्यावर अहिल्यानगर लिही बरं का.)

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मग मिशन १८३१ साली नगरात आलं तिथपासून सुरुवात. खजिनदार म्हणाले, घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना कॉलेज चालवायचा हक्क देतं, पगार देत नाही. खरं होतं, म्हणूनच राग आला. आणखी एकजण म्हणाले, तत्त्वज्ञानाऐवजी बायबलचा सर्टिफिकेट कोर्स काढा, ख्रिस्ती कॉलेज आहे ना आपलं? सुध्या, चॅपलच्या पायरीवर बसून सरांनी आपल्याला देव न मानणारा चार्वाक शिकवला, आणि तेव्हाचे पाळक मागे उभे राहून ऐकत होते. माझ्या लेखी ख्रिस्ती कॉलेज म्हणजे ती पायरी. हे तिथं बोलायला हवं होतं. नाही बोललो. पगाराचा तक्ता समोर होता.

तू म्हणशील, विल्या पहिल्यापासून भित्रा. मेसच्या संपात मी मागच्या दारानं जेवलो, हे तू पस्तीस वर्षं ऐकवतोयस. एकच पोळी होती, पुन्हा सांगतो.

दुसऱ्याकडून कळू नये म्हणून संध्याकाळी सरांकडे गेलो. आता ऐकू कमी येतं त्यांना. ओरडून सांगावं लागलं, शेजारीण खिडकीत आली. सरांनी विचारलं, "पोरं किती?"

"चार."

"तुमच्या वर्गात तीन होती. जॉन्या धरून."

जॉन्या कधी आला रे वर्गात?

मग आत जाऊन विभागाच्या कपाटाची किल्ली घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी द्यायची राहिली म्हणे. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम यायची होती तेव्हा ते कुलूप मीच तोडलं होतं. सांगायचा धीर झाला नाही. किल्ली घेतली, चहा घेतला, निघालो.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? लेकीच्या कॅनडाचं काय? सविस्तर लिही, माझ्यासारखं करू नको.

किल्ली या पाकिटात घालतोय. माझ्या टेबलावर नको ती.

तुझा,
विल्या