डाव न घालता शिजलेलं कालवण

सेतुबाल, पोर्तुगाल, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

आज पातेलंभर मासे आम्ही चौघांनी संपवले. नंतर ते पातेलं घासताना काकूंची इतकी आठवण आली, की हात पुसून आधी तुला लिहायला बसलो.

इथे कोळ्यांचं एक कालवण आहे, काल्देरादा. काल्देरा म्हणजे मोठा हंडा, त्यावरून हे नाव. जे मासे विकले जात नसत ते कोळी होडीवरच कांदा-बटाट्यांबरोबर शिजवून खात. म्हणून त्यात सहसा एकाच जातीचा मासा नसतो, निरनिराळ्या जाती एकत्र असतात. गेल्या महिन्यात मी ते पहिल्यांदा केलं आणि सवयीने दोनदा ढवळलं. सगळं मोडलं, पोरांच्या ताटात काटेच काटे. शेजारच्या आजींनी ते पाहिलं आणि कळवळून म्हणाल्या, "ढवळायचं नसतं रे, भांडं हलवायचं!"

मित्रा, मला वेंगुर्ल्याचं तुमचं स्वयंपाकघरच दिसलं. कढ आला की मी डाव उचलायचो आणि काकू हातावर चापट मारायच्या, "माशात डाव घालूचो नाय!" मग दोन फडक्यांनी भांडं धरून त्या ते हलकेच हिंदकळवायच्या. ही शिकवण मी विसरलो आणि ती मला सेतुबालच्या एका आजींकडून परत मिळाली.

काल सकाळी लिव्रामेंतुच्या बाजारात गेलो. आत्ताची इमारत 1930 ची आहे, आतली एक भिंतच्या भिंत निळ्या-पांढऱ्या फरशांच्या चित्रांनी भरलेली. पण आपल्यासारख्याची नजर भिंतीवर कुठली ठरायला! पाकट, मुशी, वाम, तारली, सगळी आपलीच मंडळी, नावं तेवढी वेगळी. शिवाय तांबुरिल नावाचा रुंद जबड्याचा मासा. दिसायला भयंकर, पण मांस घट्ट आणि गोड. सगळे मिळून दोन किलो घेतले, बाईंनी साफ करून तुकडे करून दिले.

खरी कला थर लावण्यात आहे. तळाला ऑलिव्ह तेल आणि कांद्याच्या चकत्या, वर बटाटा, टोमॅटो, ढोबळी मिरची, मग घट्ट मासे. पुन्हा तसेच थर. अधूनमधून लसूण, तमालपत्र, मीठ. तारली नाजूक, तिला सगळ्यात वर जागा. शेवटी पेलाभर पांढरी वाइन आणि झाकण. पाणी जवळजवळ नाहीच, टोमॅटो, कांदा आणि मासे आपलं पाणी सोडतात, त्यातच सगळं शिजतं. मंद आचेवर पाऊण तास, मधे फक्त दोन-तीनदा भांडं हिंदकळवायचं. उतरवताना मूठभर कोथिंबीर. या देशात कोथिंबीर इतक्या प्रेमाने खातात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला केवढा धीर आला होता!

बाबा महिनाभर इथे आहेत. त्यांनी आधीच विचारलं, "कोकम नाही, तिरफळ नाही, नारळ नाही, मग चव कशाची?" मी काही बोललो नाही. ताटात पावाची जाड चकती ठेवली आणि तिच्यावर रस्सा ओतला. पाव, बटाटा हे शब्दसुद्धा आपल्याकडे इथूनच आले, हे धाकटीला सांगत होतो, तेवढ्यात बाबांनी ताट पुन्हा पुढे केलं. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त वाम आणि रस्सा मागितला. आई गेल्यापासून ते पुन्हा वाढून घेत नाहीत, तुला माहीत आहे.

तिकडे करशील तर सुरमई घालू नकोस, या कालवणात ती कोरडी पडेल. मुशी आणि वाम घे, वर तारली. वाइन नको असेल तर टोमॅटो जरा जास्त आणि थोडं लिंबू. काकूंना शेजारी बसव आणि भांडं त्यांनाच हलवू दे. त्या काय म्हणाल्या ते मला अगदी शब्दन् शब्द कळव.

थोडा रस्सा मुद्दाम मागे ठेवलाय. उद्या त्यात बारीक पास्ता शिजवायचा, अशी इथली रीत. बाबांनी आत्ताच विचारलं, किती वाजता जेवायचं.

तुझाच