कॉम्प्रेसरचे पैसे आत्ताच देऊ नकोस

सांगली
एप्रिल अखेर

चि. रेणुका हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, त्यात मागं हॉर्न वाजत होते, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतोय. चंद्रपूरच्या उन्हात गाडीचा एसी बंद म्हणजे काय हाल असतात ते मला कळतं. मे महिन्यात तिथला पारा ४५ च्या वर जातो. तरीपण त्या गॅरेजवाल्याला होकार देऊ नकोस. बॉनेट न उघडता, प्रेशर मोजायचा गेज न लावता जो 'मॅडम, गॅस संपलाय, कॉम्प्रेसरपण वीक आहे' असं सांगतो, त्याला नमस्कार करावा आणि गाडी घरी आणावी.

तू बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलीस आणि तीच मला महत्त्वाची वाटते. गरम हवा 'बॅटरी बदलल्यापासून' येतेय. कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, तो काही बॅटरी बदलायचा मुहूर्त साधून मरत नाही. दुसरं म्हणजे ग्लव्हबॉक्सच्या मागून येणारी ती टक-टक. कॉम्प्रेसर इंजिनापाशी असतो, त्याचा आवाज ग्लव्हबॉक्समागून कशाला येईल?

डॅशबोर्डच्या पोटात दोन कॉइल असतात. एक कूलिंग कॉइल, तिच्यात गॅस फिरतो. दुसरी हीटरची, तिच्यात इंजिनाचं गरम पाणी. दोन्हींच्या मधे प्लास्टिकचा एक फ्लॅप असतो. तो जसा सरकेल तशी गार किंवा गरम हवा तुझ्या तोंडावर येते. तुझ्या गाडीत ऑटो एसी आहे, म्हणजे हा फ्लॅप एक छोटी मोटर हलवते आणि तो कुठून कुठपर्यंत जातो हे एसीचा कंट्रोलर लक्षात ठेवतो. बॅटरी पार उतरली किंवा काढली की काही गाड्यांत ही आठवण पुसली जाते. मग मोटर फ्लॅपला टोकापलीकडं ढकलत बसते आणि टक-टक ऐकू येते. फ्लॅप हीटरच्या बाजूला अडकला की कॉइल बर्फासारखी गार असूनही आत गरम वाफ.

हे खरं की खोटं ते तुझं तुलाच तपासता येईल. गाडी सावलीत, मोकळ्या जागी लाव. एसी सगळ्यात गारवर, ब्लोअर जोरात, पाचेक मिनिटं इंजिन चालू. मग इंजिन बंद करून बॉनेट उघड. ओढणी बाजूला ठेव आणि पुढच्या पंख्यापासून हात लांब ठेव; तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. केबिनच्या भिंतीत शिरणारे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पाइप दिसतील, एक जाड, एक बारीक. जाड पाइपला हात लाव. तो गारेगार असेल, त्यावर पाण्याचे थेंब धरले असतील, तर कॉम्प्रेसर आणि गॅस आपलं काम करतायत आणि दोष फ्लॅपकडं आहे. कंडेन्सरकडं, म्हणजे पुढं गॅस थंड करणाऱ्या जाळीकडं जाणाऱ्या पाइपला मात्र शिवू नकोस, चटका बसेल.

पाइप गार निघाला तर रिसेट, म्हणजे बॅटरीची तार काढून-लावून कंट्रोलरला फ्लॅपची टोकं पुन्हा शिकवणं, करून बघायला हरकत नाही. तू बघितलेल्या त्या व्हिडिओत 'बॅटरी काढा, लावा, झालं' एवढंच सांगितलंय, पण कसं करायचं त्यालाच महत्त्व आहे. घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन जातील. काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो मॅन्युअलच्या पाकिटात आहे का आधी बघ. किल्ली बाहेर काढून ठेव. दहाचा पाना घे आणि आधी काळी, म्हणजे मायनसची तार सोडव. प्लसला पाना लावला आणि तो बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. मायनस आधी काढलेली असली की ती भीती नाही. तार फडक्यात गुंडाळून बाजूला ठेव आणि पंधरा मिनिटं चहा घे. परत लावताना तार घट्ट आवळ. आता किल्ली फक्त इग्निशनपर्यंत फिरव, इंजिन चालू करू नकोस आणि एसीच्या एकाही बटणाला दोन-तीन मिनिटं हात लावू नकोस. सगळे इथंच चुकतात. कंट्रोलर त्या वेळात फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मोजमाप घेत असतो. मधेच बटणं दाबली की मोजमाप अर्धवट राहतं. डॅशबोर्डमधून बारीक घर्रघर्र येईल आणि थांबेल. मग गाडी चालू कर, तापमान एकदम खाली, एकदम वर, पुन्हा खाली ने. प्रत्येक वेळी हवेत फरक पडतो का बघ.

नंतर खिडकीचं ऑटो बटण चालेना तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेव, ते पुन्हा शिकतं. इंजिन थोडा वेळ अडखळल्यासारखं वाटेल, काळजी करू नकोस. हे सगळं साध्या पेट्रोलच्या गाडीपुरतं. तुझ्या मैत्रिणीच्या इलेक्ट्रिक गाडीवर हा प्रयोग करू नका. तिचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, केशरी तारांना हात लावायचा नसतो.

रिसेट करूनही टक-टक राहिली तर मोटरच्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेलेत. कितीही वेळा बॅटरी काढलीस तरी ते उगवणार नाहीत. मोटर बदलावी लागेल. काही गाड्यांत ती ग्लव्हबॉक्स उतरवला की हाताशी येते, काहींत अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो. मजुरी ठरवण्याआधी हे विचार आणि जुनी मोटर मागून घे.

पाइप गार नसेल तर गोष्ट वेगळी. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला. तो बंद नळ्यांत फिरत असतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण एकदम कमी झाला तर कुठंतरी लीक आहे. लीक न शोधता गॅस मारणं म्हणजे पंक्चर तशीच ठेवून हवा भरणं. चांगला माणूस आधी गेज लावतो, नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का बघतो, सांध्यांवर साबणाचा फेस लावतो. तेलकट, धूळ चिकटलेला सांधा दिसला तर बहुतेक तिथंच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. लीक बंद केल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढणं, आणि मग वजन करून गॅस. 'अंदाजानं भरतो' म्हणाला तर तिथून नीघ. छोट्या गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच लागतो आणि जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो.

माझ्या दुकानात पूर्वी एसीत भरायच्या आर-१२ गॅसचे सिलिंडर असायचे. त्या गॅसनं ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बाद होत गेला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला काही करत नाही, पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तोही चालत नाही. हे सांगायचं कारण, जुना गॅस फुस्सकन हवेत सोडणाऱ्या दुकानात पाऊल ठेवू नकोस. मशीननं तो काढून घेता येतो.

बाकी खुणा थोडक्यात. रस्त्यावर गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर कंडेन्सरचा पंखा बघ. तासाभरानं हवेचा जोरच मंदावला तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवलास की थोड्या वेळात सुटेल, पण तो पुन्हा धरत असेल तर सेन्सर तपासून घे. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. आणि केबिन फिल्टर तू कधी बदललास? तुमच्याकडच्या कोळशाच्या धुळीनं तो काळाठिक्कर झाला असणार. गाडीखाली पाणी ठिबकतं ते चांगलंच, घाबरू नकोस. डाव्या पायपुसण्यावर आलं तर मात्र ड्रेनची नळी तुंबलीय.

एक गोष्ट रागावून सांगतो. आई म्हणाली, दुपारच्या सुट्टीत तू काचा बंद करून, एसी लावून गाडीत डुलकी काढतेस. एसी दुरुस्त झाला तरी हे बंद. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. बंद पार्किंगमध्ये तर अजिबात नाही. बँकेत टेबलावर डोकं टेकव, चालेल.

बॉनेटच्या आत एक स्टिकर असेल, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. त्याचा फोटो आजच पाठव. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पाना घेऊन गाडीपाशी जा आणि मला व्हिडिओ कॉल लाव.

तुझे,
बाबा

ता. क. आधी नव्या बॅटरीचं टर्मिनल हातानं हलवून बघ. बसवणाऱ्यानं सैल ठेवलं असेल तर खड्ड्याखड्ड्याला गाडी आपोआप रिसेट होत असेल, आणि मग वरचं सगळं करूनही चार दिवसांत तेच.