खेळून दाखवता येत नसेल तर गेमची तारीख सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आजकाल नव्या व्हिडिओ गेम्सच्या बातम्या येतात हे बघून खूप बरं वाटतं, नाहीतर गेम म्हटलं की मुलं बिघडली एवढंच छापून यायचं. पण त्या बातम्यांबद्दलच एक मनापासून सांगायचंय. कंपनीने दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर टाकला आणि शेवटी एक वर्ष लिहिलं की ते वर्ष जसंच्या तसं छापलं जातं, आणि मग पोरं (आणि आमच्यासारखे चाळिशीतलेही) त्याकडे डोळे लावून बसतात. माझं म्हणणं एवढंच की मोठ्या कंपनीने गेम प्रत्यक्ष खेळून दाखवता येईल तेव्हाच जाहीर करावा, आणि तिथून सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात तो लोकांच्या हातात द्यावा.

आपल्या पुण्या-मुंबईचंच उदाहरण घ्या. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा गेम, आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन खेळलेला, त्याची सुरुवातच भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यात होते आणि त्यातली फराह त्याच महाराजाची मुलगी. युबिसॉफ्ट या कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा रिमेक, म्हणजे तोच गेम नव्याने बनवून, जाहीर केला आणि सांगितलं की हा पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत बनतोय. केवढा आनंद झाला होता! आजवर इथली टीम दुसरीकडच्या मोठ्या गेम्सना हातभार लावायची, आता एवढ्या नावाजलेल्या गेमची मुख्य जबाबदारी इथे आली होती. तारीख दिली २१ जानेवारी २०२१, म्हणजे जेमतेम चार महिने. ट्रेलर आला आणि ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणून जगभरातून टीका सुरू झाली. मग तारीख १८ मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे, मे २०२२ मध्ये काम इथून काढून कॅनडाच्या माँट्रियल स्टुडिओकडे दिलं, २०२४ मध्ये परत एक छोटा टीझर दाखवून २०२६ साल सांगितलं आणि जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द केला.

आता कोणी म्हणेल की इथे तर चार महिनेच आधी सांगितलं होतं, मग तुमचा सहा महिन्यांचा हिशोब कुठे बसतो? म्हणूनच मी आधी "खेळून दाखवता येईल तेव्हा" म्हटलं आणि महिने नंतर. लॉकडाऊनचा काळ, माणसं घरून काम करतायत, गेम अजून लोकांसमोर आणण्याजोगा झालेला नाही, तरी तारीख छापून मोकळे झाले आणि प्रीऑर्डरही, म्हणजे गेम यायच्या आधीच बुकिंग, सुरू केल्या. वर्षभर शांतपणे काम करू दिलं असतं तर कदाचित वेगळं घडलं असतं. इथल्या पोरापोरींनी त्यावर जी मेहनत घेतली त्यातलं जगाला दिसलं ते एवढंच, तो एक ट्रेलर, आणि त्यावरून त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते मला आजही फार लागतं.

उलट टोकाचं उदाहरण पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचं. 'सायबरपंक २०७७' त्यांनी मे २०१२ मध्ये जाहीर केला, तेव्हा सोनीच्या पीएस४ या कन्सोलची (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची) घोषणासुद्धा झाली नव्हती, आणि गेम आला डिसेंबर २०२० मध्ये, तोवर त्याच्या पुढचा पीएस५ दुकानात लागला होता. मधल्या काळात अपेक्षा इतक्या वाढल्या की एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर असं करत तारीख सरकली तेव्हा लोकांनी डेव्हलपर्सना जिवे मारायच्या धमक्या दिल्या, हे तर अक्षम्यच आहे. कामगारांना जबरदस्तीने जादा काम लावणार नाही म्हणणाऱ्या कंपनीने शेवटी त्यांना आठवड्याचे सहा दिवस राबवलं. आणि एवढं करून जुन्या कन्सोलवर गेम इतका अडखळत होता की सोनीने आठवडाभरात तो स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला, तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. पुढे अपडेट्स देऊन त्यांनी गेम खरंच चांगला केला, ते मान्य करायलाच हवं, पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांचं काय?

अमेरिकेच्या बेथेस्डाकडे तर दोन्ही नमुने आहेत. 'फॉलआउट ४' त्यांनी ३ जून २०१५ ला जाहीर केला, त्याच महिन्यात खेळून दाखवला आणि १० नोव्हेंबरला विकायला ठेवला. लोकांना उत्सुकता टिकवता आली, पैसे साठवायला वेळ मिळाला, कोणी कंटाळलं नाही, मला विचाराल तर हेच योग्य माप. आणि त्याच कंपनीने जून २०१८ मध्ये 'एल्डर स्क्रोल्स ६' जाहीर केला, त्याच्या ट्रेलरमध्ये काय होतं तर डोंगरावरून फिरणारा कॅमेरा, संगीत आणि नाव, मिनिटभराचाही नाही. तेव्हा दहावीत असलेली मुलं इंजिनीअरिंग करून नोकरीला लागली, गेमचा पत्ता नाही. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. गेम जाहीर केला की त्यावर काम करायला चांगली माणसं यायला तयार होतात, शेअर बाजाराला काहीतरी दाखवावं लागतं, शिवाय लीकची भीती असते. २०२२ मध्ये 'जीटीए ६'चे अर्धवट व्हिडिओ चोरीला जाऊन नेटवर आले होते, आणि लोक तेच पक्कं ग्राफिक्स समजून नावं ठेवत बसले. पण यासाठी "आम्ही अमुक गेमवर काम करतोय" असं एका ओळीत सांगितलं तरी भागतं, 'जीटीए' बनवणाऱ्या रॉकस्टारने त्याच वर्षी फेब्रुवारीत तेच केलं होतं. खरी गडबड नंतर झाली, डिसेंबर २०२३ च्या ट्रेलरमध्ये २०२५ साल सांगितलं, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. कुठल्याही गेमच्या अशा तारखांवर विश्वास ठेवून कोणी कन्सोल घेतो, कोणी ईएमआयवर ग्राफिक कार्ड घेतो, आपल्याकडे पीएस५चा एक नवा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो, हा पैसा कॉलेजच्या पोराला सोपा नसतो.

छोट्या स्टुडिओंना मात्र हा नियम लावू नये असं मला ठामपणे वाटतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी' हा गेम बनवताना २०१७ मध्ये किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर लोकांकडे पैसे मागितले, तेवढे जमले नाहीत, तरी नेटाने काम पूर्ण करून ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आणला. अशांनी आधी बोललंच नाही तर त्यांना पैसा आणि खेळणारे मिळणार कुठून? पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' या गेमची नोंदणी जानेवारी २०२३ पासून घेतली आणि गेम आला ऑक्टोबर २०२४ मध्ये, थांबावं लागलं खरं, पण नोंदणी फुकट होती आणि मधे बीटा, म्हणजे चाचणीसाठीची अपुरी आवृत्ती, खेळायलाही दिला. ऑस्ट्रेलियाच्या टीम चेरीची तर तीन-चार माणसं, 'सिल्कसाँग' हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला, लोक साडेसहा वर्षं थांबले, पण पक्की तारीख त्यांनी गेम तयार झाल्यावरच सांगितली, फक्त दोन आठवडे आधी, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला एवढी झुंबड उडाली की स्टीमसकट गेम विकणारी मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही काळ बंद पडली. म्हणजे वर्षभर आधीपासून ढोल बडवले तरच गेम विकला जातो हेही खरं नाही.

तर आपल्याला विनंती अशी की नव्या गेमची बातमी देताना तीन गोष्टी जरूर छापा: ट्रेलरमध्ये प्रत्यक्ष खेळ दाखवलाय की नुसतं ॲनिमेशन आहे, गेम पहिल्यांदा कधी जाहीर झाला होता, आणि तारीख आजवर किती वेळा बदलली. दोन ओळींची जागा लागेल. आणि ज्या गेमचा खेळ अजून कोणी पाहिलेला नाही त्याच्या प्रीऑर्डरची लिंक किंवा किंमत बातमीत देऊ नका, आईवडील पेपरात आलंय म्हणून विश्वासाने पैसे भरतात.

आपला नियमित वाचक,
सिंहगड रोड, पुणे